एकशे त्रेचाळीस तुकडे

रेकॉर्डिंग तिसऱ्यांदा लावलं तेव्हा बाळासो पाटोळ्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि मान खाली घातली. माणखोरे ग्रामीण वीज सहकारी संस्थेच्या त्या हॉलमध्ये चौकशी समितीचे तिघे होते, वाघदरा उपकेंद्राचा ऑपरेटर इलाही मुल्ला होता, भिंतीकडेला बाळासोंची थोरली बहीण शालन बसली होती आणि तिच्या मागच्या खुर्चीत बाळासोंची मुलगी केतकी. आवाज अगदी स्वच्छ येत होता. हे केतकीच्या लक्षात आलं आणि तशा वेळीही तिला त्याचा किंचित अभिमान वाटला. त्या अभिमानाबद्दल ती पुढं स्वतःला कधीच माफ करू शकली नाही.

"हॅलो, वाघदरा? पाटोळे बोलतोय. बारा नंबर फिडर."

"बोला काका."

"माणूस खाली, शिडी बाजूला, चालू करा."

"बरं, चालू करतो."

चार मार्चला सकाळी अकरा वाजून सव्वीस मिनिटांनी झालेला हा फोन. त्यानंतर मिनिटभरात मुल्लानं फिडर चालू केला आणि त्या तारांत वीज आली. खांबावर तेव्हा रघुनाथ शेळके होते. शालनचे यजमान, बाळासोंचे दाजी आणि बावीस वर्षांचे जोडीदार. ते वरच गेले.

"आवाज तुमचाच आहे ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझाच हाय, सायेब. पर मी हे बोललो न्हाई. दाजी अजून वर हायत, पाच मिनिटं थांबा, असं म्हनलो हुतो मी. आन् ह्यो थांबतो म्हनला."

मुल्लाच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, मी 'चालू करतो' म्हणालो. नियमच आहे ना तो, जे ऐकलं ते परत बोलायचं. तुम्ही थांबा म्हणाला असता तर मी दिवसभर थांबलो असतो."

संस्थेत फिडर बंद-चालू करायला स्क्रीनवर बटणं आली त्याला दहा वर्षं झाली होती. तरीही माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय चालू करायचं नाही, हा जुना नियम कुणी मोडला नव्हता. वायरमननं खांबाखालून फोन करायचा, ठरलेल्या शब्दांत सांगायचं, ऑपरेटरनं ते ऐकून उत्तर द्यायचं. शब्द तीस वर्षांपूर्वी ठरले होते. त्यात इकडचं तिकडं होऊ नये म्हणून नव्या वायरमनकडून ते पाठ करून घेत.

अध्यक्ष केतकीकडे वळले. संस्थेची फोनव्यवस्था तिनंच बसवली होती, म्हणून तिला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. या फाइलमध्ये कुणी फेरफार केला आहे का, एवढाच प्रश्न होता. तिनं आदल्या दिवशी सगळं तपासलं होतं. फाइल ज्या क्षणी तयार झाली त्यानंतर तिला कुणाचा हात लागला नव्हता.

"फेरफार नाही," ती म्हणाली आणि तसं लिहिलेल्या कागदावर सही केली. पोटच्या पोरीनं बापाविरुद्ध सही केली म्हटल्यावर समितीला आणखी पुरावा नको होता. शालनआत्या उठली, भावाच्या समोरून गेली आणि त्याच्याकडे न बघता बाहेर पडली.

केतकीनं खोटं काहीच लिहिलं नव्हतं. तिला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता, आणि ते कळण्याइतकी अक्कल त्या खोलीत फक्त तिच्याकडे होती.

ऑफिसच्या फोनव्यवस्थेसाठी लागणारं 'हाक' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. ते खुलं आहे. कुणीही उतरवून घ्यावं, साध्या कॉम्प्युटरवर चढवावं आणि ऑफिसभर एक्स्टेंशन वाटावीत. तारांचं जंजाळ नाही, कुणा कंपनीची मिजास नाही. त्याचा कोड सगळ्या जगाला दिसतो, त्यात कुणी काय बदललं तेही नावानिशी दिसतं. आठ-दहा जण आपापली नोकरी-धंदा सांभाळून ते चालवत. केतकी त्यातली एक. जिल्ह्यातल्या पतसंस्था, दवाखाने, शाळा यांना ती 'हाक' बसवून द्यायची आणि त्यावर तिचं पोट चालायचं. पण 'हाक'मधला तिचा स्वतःचा, तिचं नाव झालं तो भाग म्हणजे 'सांधा'.

इंटरनेटवरून फोन जातो तेव्हा आवाज सलग जात नाही. सेकंदाचे पन्नास तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर नंबर पडतो आणि ते सुटे सुटे धावत सुटतात. पलीकडचं यंत्र नंबर बघून त्यांना रांगेत लावतं. वाटेत दोन-चार तुकडे हरवले की आवाज अडखळतो, पंधरा-वीस हरवले की शब्दच गळतो. जुनी सॉफ्टवेअरं मागचाच आवाज जरा ताणून भोक बुजवत. 'सांधा' त्यापुढं गेला. बोलणाऱ्याचा आवाज तो शिकून घ्यायचा. कोण कुणाला किती वाजता फोन करतो आणि साधारण काय बोलतो, हेही शिकायचा. मग जे तुकडे आलेच नाहीत ते त्याच आवाजात, त्याच ढंगात स्वतः बनवून मधे बसवायचा. आधी ही मजल अर्ध्या सेकंदाची होती. मॉडेलं सुधारली तशी केतकीनं ती तीन सेकंदांपर्यंत नेली. डोंगराळ भागात, जिथं फोन म्हणजे नुसती खरखर होती, तिथं लोक सांध्याला दुवा देत.

सांधा सगळ्यांत आधी मराठी शिकला तो बाळासोंच्या आवाजावर. केतकी हॉस्टेलवर असताना तिची आई वारली. तेव्हापासून बाळासो रोज संध्याकाळी पोरीला फोन करत, कधी घरून, कधी खांबाखालून. तिनं ते फोन साठवले होते आणि पुढं यंत्राला तेच शिकवायला दिले. बाळासोंना त्याचं कोण कौतुक. माझ्या आवाजावर शिकलंय ते, असं ते ऑफिसात दहादा सांगायचे.

चौकशीनंतर पहिली गोष्ट झाली ती म्हणजे डबा बंद झाला. आई गेल्यापासून शालनआत्याच्या घरून रोज डबा येई, आधी एकट्या बाळासोंचा आणि केतकी हॉस्टेलवरून परतल्यावर दोघांचा. भाकरी, कालवण, सणाला पोळी. सोळा वर्षांत तो चुकला नव्हता. आता केतकी सकाळी कुकर लावायची आणि बाळासो न बोलता जेवायचे. त्यांना निलंबित केलं होतं. गावात कुणी तोंडावर काही बोलत नव्हतं, पण पारावर ते गेले की विषय बदलायचा.

पहिल्या आठवड्यात ते रागात होते. दुसऱ्या आठवड्यात सारखं सांगत होते, मी थांबा म्हनलो. केतकी त्यांना समजावत राहिली. आबा, घाई होती, ऊन होतं, तीस वर्षांची सवय, माणसाच्या तोंडून निघून जातं. ती हे मायेनं बोलत होती. आपल्या यंत्रापेक्षा आपला बाप चुकणं जास्त शक्य आहे, हे तिला इतकं उघड वाटत होतं की तिनं दुसरा विचारच केला नाही.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी ती बाहेर आली तर बाळासो अंगणात उभे राहून पुटपुटत होते. आधी म्हणाले, "दाजी अजून वर हायत, पाच मिनिटं थांबा." मग जरा थांबून म्हणाले, "माणूस खाली, शिडी बाजूला, चालू करा." असं चार-पाच वेळा केलं. कुठलं वाक्य तोंडात बसतं ते ते बघत होते. दुसरं वाक्य घासूनपुसून गुळगुळीत झालं होतं. ते न अडखळता बाहेर पडत होतं.

मे महिन्याच्या अखेरीस त्यांनी केतकीला कागद-पेन घेऊन बसायला सांगितलं.

"लिव्ह. मी कबूल करतो की चालू करा असं मीच म्हनलो. अक्काला वाचून दावायचं हाय. मी खोटं बोलतोय म्हनून ती तोंड बघत न्हाई. खरं बोललो तर शिव्या तरी दील."

"आबा, तुम्हाला खरंच आठवतंय का?"

"आता आठवतंय. डोळं मिटलं की माझाच आवाज येतो. तूच सही केलीस न्हवं? तुझं यंतर कशापायी खोटं बोलंल?" त्यांनी कागदाकडे बोट दाखवलं. "हे बी लिव्ह, म्हंजी समदं खरं हुईल. काम संपत आलं हुतं, म्हनून अर्थिंगची साखळी, चुकून करंट आला तर जमिनीत उतरवनारी, आधीच काढून ठिवली, ती चूक दोघांची. एक बोल्ट राहिला म्हनून दाजी परत चढलं. शिडी त्या दिवशी नव्हतीच, ती ऑफिसात ऱ्हायली हुती. दाजी दोर लावून चढलं हुतं. तरी मी शिडी बाजूला म्हनलो. तोंडात बसलेलं निगालं."

केतकीचं पेन थांबलं. नसलेली शिडी बाजूला केली, असं माणूस सवयीनं बोलू शकतो. पण सवयीनं बोलणारं आणखी कुणी त्या फोनवर होतं, आणि ते तिनंच तिथं बसवलेलं होतं. कागद तसाच टाकून ती आतल्या खोलीत गेली.

आलेल्या प्रत्येक तुकड्याचा नंबर 'हाक' एका वेगळ्या नोंदीत ठेवायची. ती नोंद कुणी बघत नसे, आणि जागा वाचावी म्हणून नव्वद दिवसांनी ती आपोआप पुसली जाई. अपघाताला त्या दिवशी शहाऐंशी दिवस झाले होते. केतकीनं अकरा सव्वीसचा फोन काढला आणि बोट ठेवून नंबर वाचत खाली आली. सहाशे अकराव्या तुकड्यानंतर थेट सातशे पंचावन्नावा होता. मधले एकशे त्रेचाळीस तुकडे, जिथं रेकॉर्डिंग होई त्या वाघदऱ्याला पोहोचलेच नव्हते. दोन सेकंद आणि वर जवळजवळ एक. "माणूस खाली, शिडी बाजूला, चालू करा" हे एवढं वाक्य बरोबर त्या भोकात बसत होतं.

मग तिनं बाळासोंना ऑफिसनं दिलेल्या मोबाइलमधली नोंद उघडली. त्यातही सांधा होता. त्या बाजूलाही मुल्लाचे तुकडे गळले होते. मुल्ला 'चालू करतो' म्हणाला ते इकडं आलंच नाही. बाळासोंनी जे 'थांबतो' ऐकलं ते मुल्लाचं नव्हतं. ते तीन सेकंद दोन्ही माणसं एकमेकांशी बोललीच नव्हती. दोघं यंत्राशी बोलले, आणि यंत्रानं प्रत्येकाला जे ऐकायची तयारी होती तेच ऐकवलं.

ठरलेले शब्द चूक टाळण्यासाठी ठरवले होते. पण जितकं बोलणं ठरीव, तितकं ते यंत्राला सोपं. हजारदा ऐकलेलं वाक्य सांध्यानं इतकं हुबेहूब बोलून दाखवलं की बापानं ओळखलं नाही आणि पोरीनंही नाही.

आणखी एक गोष्ट तिला आठवली. सुरुवातीला सांधा जिथं आवाज भरायचा तिथं बारीकसा टक आवाज करायचा, ऐकणाऱ्याला कळावं म्हणून. एका हॉटेलवाल्यानं तक्रार केली की गिऱ्हाईकं विचारतात हा आवाज कसला. तिनं दहा मिनिटांत तो काढून टाकला. बदलाची नोंद तिनं कॉम्प्युटरवर शोधली. तिचं नाव, तारीख आणि पुढं तिनंच लिहिलेले दोन शब्द होते: किरकोळ सुधारणा. ती टेबलावर डोकं टेकून रडली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिनं पदराचं टोक दातात धरलं होतं.

'हाक'चं काम बघणारा श्रीरंग टिळेकर नाशिकला असे. तिनं त्याला फोन लावला.

"आधी तो टक आवाज परत घालू," सगळं ऐकून तो म्हणाला. "गुपचूप. दोन-तीन महिन्यांत लोक नवी आवृत्ती चढवतील, मग सावकाश बोलू. केतकी, अकरा हजार ऑफिसं आहेत. कोर्टात रेकॉर्डिंगं गेलीत, दवाखान्यांत नर्सा फोनवर डोस लिहून घेतात. जुन्या नोंदी पुसल्या गेल्यात. कुठलं रेकॉर्डिंग खरं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही."

"म्हणूनच सांगायला हवं ना."

"'हाक'च्या परवान्यात लिहिलंय आपण, कसलीही हमी नाही म्हणून."

"ते वाक्य मीच लिहिलंय, श्रीरंग."

तिनं त्याच दिवशी सगळं जाहीर केलं. तुकड्यांच्या नोंदी, दोन्ही बाजूंचे आवाज, स्वतःची सही असलेला कागद, सगळं. कुणी तपासून घ्यावं म्हणून कोडही मांडून ठेवला. तपासणाऱ्यांनी तपासलं आणि ती खरं बोलत होती असं निघालं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दवाखान्यांनी फोनवरून डोस घेणं थांबवलं, ते बरंच झालं. पण जिथं जिथं कुणाचा आवाज पुरावा म्हणून ठेवला होता, तिथं माणसं उभी राहून म्हणू लागली की हा आवाज यंत्राचा. त्यात अडकलेली गरीब माणसं होती, तसे पक्के बदमाशही होते, आणि त्यांना वेगळं काढायची सोय उरली नव्हती. लातूरकडच्या एका बाईनं केतकीला पत्र पाठवलं. तिचा नवरा तीन वर्षं ऑफिसातून फोन करून तिला मारून टाकायच्या धमक्या देत होता. आता तो कोर्टात हात वर करून मोकळा झाला होता. तुमच्या यंत्रानं त्याच्या तोंडी ते घातलं का, हो की नाही एवढंच सांगा, असं तिनं लिहिलं होतं. केतकी चार दिवस त्या पत्रासमोर बसली. मग सांगता येत नाही, असं तिनं कळवलं.

चौकशी समितीनं दोन ओळींचा निकाल दिला. रेकॉर्डिंग ग्राह्य धरता येत नाही. प्रत्यक्षात काय बोलणं झालं ते ठरवता येत नाही. बाळासोंचं निलंबन मागं घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी त्यांना घेऊन शेळकेवस्तीवर गेली. शालनआत्या घरापुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसली होती. तिनं भावाला बस म्हटलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही. केतकीनं जमेल तितकं सोपं करून सगळं सांगितलं. तुकडे, नंबर, भोक, भोकात बसवलेलं वाक्य. आत्या शेंगा फोडत ऐकत होती.

"म्हंजी 'चालू करा' ह्यो म्हनलाच न्हाई," ती शेवटी म्हणाली.

"ते यंत्र म्हणालं, आत्या."

"मग ह्यो काय म्हनला?"

या प्रश्नाला केतकी महिनाभर भीत होती. जे तुकडे वाटेत हरवले ते कुठंच साठत नाहीत. ते वाक्य खांबाखालच्या हवेत बोललं गेलं आणि तिथंच संपलं. यंत्र काय बोललं ते तिला ठाऊक होतं, बाप काय बोलला ते नव्हतं. तोही कदाचित तेच बोलला असेल.

"ते कळायला मार्ग नाही," ती म्हणाली.

आत्यानं पहिल्यांदा भावाकडे बघितलं. "तू सांग. तुझं तोंड तुझ्यापाशी हुतं."

बाळासोंनी तोंड उघडलं. 'थांबा म्हनलो' असं त्यांनी म्हणावं म्हणून केतकीचा जीव कासावीस झाला. दोनच शब्द होते, आणि आता त्यांना खोटं पाडणारं जगात कुणी नव्हतं. पण बाळासो तसले नव्हते.

"अक्का, मला ठावं न्हाई," ते म्हणाले. "आठवाय गेलं की तेच वाजतंय, चालू करा. माझ्याच आवाजात. थांबा म्हनलेलं येतच न्हाई आता. तुझ्या गळ्याची शपथ, लई परयत्न केला." आणि चौपन्न वर्षांचा तो माणूस बहिणीपुढं हुंदके देऊन रडायला लागला.

आत्यानं हातातली शेंग खाली ठेवली. मग ती केतकीकडे वळली.

"तुझ्या यंतरात ह्याचा आवाज हाय न्हवं अजून?"

"आहे."

"मग त्याला म्हनाय लाव. दाजी अजून वर हायत, पाच मिनिटं थांबा, म्हनून. मला ऐकव."

"आत्या, ते खरं नसेल. ते मी बनवलेलं असेल."

"खोट्यानं आमचं वाटुळं केलंच की," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती नुसती दमली होती. "मला भाऊ पायजे. ह्याचं दाजी वर हायत म्हनून ह्यानं सांगितलं, एवढं मला ह्याच्या तोंडून ऐकायचं हाय. ह्याला तर बोलाय येईना. तू ऐकव."

केतकीनं बापाकडे बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता. नको म्हणेल असं तिला वाटलं होतं. त्याच्या डोळ्यांत आत्यापेक्षाही जास्त आशा होती.

तिनं फोन काढला. वाक्य लिहायला दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत. मग तिनं फोन शेंगांच्या सुपाशेजारी ठेवला आणि बटण दाबलं. खांबाखालचं वारं, जरासा दम लागलेला श्वास, आणि बाळासोंचा स्वच्छ आवाज आला.

"दाजी अजून वर हायत, पाच मिनिटं थांबा."

बाळासोंचं रडणं थांबलं होतं. त्यांनी डोळे पुसले, मान हलवली आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याची खूण उमटत गेली.

"ह्येच," ते म्हणाले. "अक्का, ह्येच म्हनलो हुतो मी. आता आठवलं."

आत्यानं पुढं होऊन त्यांचा हात आपल्या हातात घेतला. केतकीला ओरडून सांगावंसं वाटलं की आबा, हे तुम्हाला आठवलेलं नाही, हे मी आत्ता घातलं. पण ती काही बोलली नाही. आता ती कधीच बोलू शकणार नव्हती, हेही तिला त्याच वेळी कळलं.

"अजून एकदा लाव," आत्या म्हणाली.

केतकीनं लावलं.